रात्रपाळी मागून घेतलेला बाप

सकाळी 7:10
तारापूर एमआयडीसीतली रात्रपाळी सुटली. रात्रभर 200 लिटरचे ड्रम लोटून मनगटं आखडलीत. शेअर रिक्षाला 20 रुपये देऊन तो बेटेगावला उतरतो. ठेकेदाराकडे त्याची हजेरी 550 रुपये. बायको औषध कंपनीत पॅकिंग मशीन चालवते, तिला 600. कुणी विचारलं तर तो हे सरळ सांगतो.

7:35
"अहो, पाणी आलंय," चपला घालता घालता ती सांगते. तिची गाडी पावणेआठला. दीड वर्षाचं पोर तिच्या कडेवरून त्याच्या कडेवर येतं. दोघांची सकाळची भेट एवढीच.

8:15
कपडे. सुरुवातीला बायकोचे कपडे तो दार लावून धुवायचा. दोरीही खोलीतच बांधली होती. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास यायला लागला, तेव्हा दोरी बाहेर गेली. चाळीत कुजबुज झाली. बातमी गावी, शिरपूरकडे, आईपर्यंत पोचली. आई फोनवर रडली. त्याने दोरी काढली नाही. ड्रम लोटायला लागते त्याहून जास्त ताकद त्याला इथे लागली असणार, असं मला वाटतं.

9:40
मुलगी दुसरीत आहे. तिच्या वेण्या घालायच्यात. केमिकलने त्याच्या बोटांना भेगा पडल्यात, त्यात केस अडकतात. म्हणून आधी खोबरेल तेल स्वतःच्या बोटांना चोळतो, मग तिच्या केसांना.
"पप्पा, भांग वाकडा आलाय."
तो वेणी सोडतो. पुन्हा घालतो.

10:30
मुलीला शाळेत सोडून अंगणवाडी. पोराचं वजन करायचंय.
"आई नाही आली?"
"मीच आलोय, ताई."
पोराच्या जन्मदाखल्यावर बापाच्या आधी आईचं नाव आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्यात तसा नियमच झाला. रांगेत मात्र बाप हा एकटाच.

11:15
पोर शेजारच्या आजींकडे. महिन्याचे 1,500. हा झोपतो.

दुपारी 4:30
गजर. पोराला आणतो, कुकर लावतो, वांगी चिरतो. सहाला ती येते आणि पोळ्या लाटते. त्याच्या पोळ्या अजून कडक होतात. "शिकायला पाहिजे," तो म्हणतो. पाहिजेच.

रात्री 10:40
कंपनीचं गेट. बाकीचे रात्रपाळी टाळतात. सकाळी घरी असावं म्हणून याने ती कायमची मागून घेतली. तेव्हा थट्टा झाली होती. आज एक तरुण हेल्पर त्याला बाजूला घेतो. त्याच्या बायकोला नववा महिना लागलाय.
"दादा, बाळाला अंघोळ कशी घालायची?"
तो हाताचा कोपर दाखवतो. पाणी आधी याने बघायचं. मग मान कशी धरायची, ते.
"सुट्टी मिळंल का?"
केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर 15 दिवसांची पगारी रजा मिळते. इथे जितके दिवस घरी राहील, तितके 550 कापले जातील.