दहा राग, तीन पेट्या

रोलँड या जपानी कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्रावर खालच्या कडेला सोळा बटणांची एक ओळ असते. चार लाल, चार केशरी, चार पिवळी, चार पांढरी. तबला शिकलेल्या माणसाला ती पाहताच तीनताल आठवेल: सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. यंत्र घडवणाऱ्यांच्या मनात तीनताल असण्याचं काही कारण नव्हतं. पण १९८२ साली मुंबईत ही पेटी सिनेवादक चरणजित सिंग यांच्यापुढे आली आणि त्यांनी तिच्या ठेक्यावर राग वाजवायचे ठरवले. तबला बाजूला ठेवला. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घराला ढोलाचा ठोका दिला. तीनतालात नववी मात्रा खालीची. डिस्कोच्या ठेक्यात खाली नाही, तिथेही तितक्याच जोराचा ठोका पडतो. एवढ्या एका फरकाने रागाच्या पायाखालची जमीनच बदलते.

त्यातून झालेल्या ध्वनिमुद्रिकेचं नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. एचएमव्हीने ती बाजारात आणली आणि ती फारशी खपली नाही. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग, प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं. सकाळचे आणि रात्रीचे राग इथे एकमेकांत मिसळून येतात, हेही मला सूचक वाटतं. रागसमयाचं घड्याळ या माणसाने मुकाट्याने उतरवून ठेवलं आहे.

मी ही मुद्रिका मोताळ्यात ऐकली, मोबाईलवर, इअरफोन लावून. बुलढाण्याहून एसटीने राजूर घाट उतरतानाही ऐकली. आमच्या भागात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात आणि वरातीत त्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्यामुळे यंत्राच्या आवाजाचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते खालून सतत वळवळणाऱ्या एका स्वररेषेचं. ती रेषा दुसऱ्या पेटीतून येते.

ती पेटी म्हणजे टीबी-३०३. तादाओ किकुमोतो यांनी ती रचली आणि १९८१ मध्ये ती विक्रीला आली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खालच्या पट्टीची बास गिटारची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू होता. त्या कामात ती नापास झाली आणि १९८४ मध्ये कंपनीने तिचं उत्पादन थांबवलं. तिचा आवाज बास गिटारसारखा लागतच नाही. आत एकच ध्वनिजनक मंडल, एका वेळी एकच स्वर. त्या स्वराची लहर करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी, म्हणजे वरच्या उपस्वरांनी गच्च भरलेली. पुढे एक गाळणी असते. ती मिटवली की वरचे उपस्वर अडतात आणि आवाज घुमा होतो, उघडली की तो तळपतो. मिटल्या ओठांनी ‘ऊ’ म्हणता म्हणता ‘आ’ करावं, तसा. आणखी एक खुंटी पिळली की गाळणी जिथे कापते नेमका तिथलाच उपस्वर फुगतो आणि पेटी ओल्या, चिरक्या आवाजात बोलू लागते.

या पेटीत प्रत्येक घराला घसरण देण्याचीही सोय आहे. पहिला स्वर न तोडता दुसऱ्यावर सरकायचं. आपल्याला ती मींडच वाटते. पण नीट ऐकलं तर फरक कळतो. यंत्रातला विद्युतदाब संथपणे बदलतो आणि स्वर त्याच्यामागे जातो. अंतर एका अर्धस्वराएवढं असो की सप्तकाएवढं, सरकायला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच. गायकाची मींड अशी नसते. कुठे रेंगाळायचं, कुठे झटकन पोचायचं हे तो त्या त्या वेळी ठरवतो. सिंग यांना हे ठाऊक असणारच, म्हणून रागाचं नाजूक काम त्यांनी तिसऱ्या पेटीकडे दिलं: ज्युपिटर-८. ती हाताने वाजवता येते, तिला स्वर वाकवायची दांडी आहे. खाली यंत्राचं न थकणारं आवर्तन, वर माणसाची बोटं.

८०८ आणि ३०३ एकमेकींना तारेने बांधता येतात. एक पेटी दुसरीला टिकटिक पाठवते, पाश्चात्त्य ‘क्वार्टर नोट’च्या एका ठोक्याला २४ टिकटिका. लय हलायला जागाच उरत नाही. ८०८ मधले आवाजही कुठल्या खऱ्या वाद्याचे मुद्रित तुकडे नव्हेत. तिचा ढोल म्हणजे झटका दिल्यावर क्षणभर कंप पावून विरणारं एक मंडल. तिची झांज सहा बेसूर चौकोनी लहरींच्या मिश्रणातून निघते.

आता या न खपलेल्या ध्वनिमुद्रिकेला पुढे कीर्ती कशामुळे मिळाली ते पाहू. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध केलं. ३०३ चालू ठेवून तिच्या खुंट्या पिळत राहायचं, खाली एकसुरी ठेका. यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रवाह निघाला आणि युरोपभर पसरला. पुढे सिंग यांची मुद्रिका पुन्हा हाती आली तेव्हा लोक चक्रावले: तीच पेटी, तोच वळवळता आवाज, आणि तोही पाच वर्षं आधी! काहींनी त्यांना अ‍ॅसिड हाउसचा जनक ठरवून टाकलं. मला हे पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही मुद्रिका ऐकली होती असं मानायला आधार नाही, आणि सिंगही नव्या प्रवाहाच्या शोधात नव्हते. त्या वर्षांत हिंदी सिनेमात डिस्कोची लाट होती. तिच्यातच काही वेगळं करावं एवढाच त्यांचा विचार होता.

मग दोघं एकाच ठिकाणी कसे पोचले? माझ्या मते याचं उत्तर रागातच आहे. डिस्को गाण्याला कॉर्ड लागतात, दर काही मात्रांनी स्वरांचा गठ्ठा बदलावा लागतो. रागाला ते चालत नाही. एक षड्ज धरून ठेवायचा आणि वर एकच स्वररेषा चालवायची. त्यामुळे डिस्कोत राग आणायचा तर आधी कॉर्ड काढून टाकावे लागतात. ते काढले की उरतो ठेका, एक खर्ज आणि पुन्हा पुन्हा येणारं आवर्तन. तबल्याच्या सोलोला धरलेला लेहराही असाच फिरतो. शिकागोतल्या तरुणांकडे एका वेळी एकच स्वर काढणारी पेटी होती, म्हणून तेही कॉर्डशिवायच्या संगीताकडे आले. दोन वाटांनी एकच जागा सापडली. मला तर कुणाच्या भविष्यवाणीपेक्षा हे जास्त अद्भुत वाटतं.

चरणजित सिंग मुंबईच्या सिनेवाद्यवृंदांतले वादक. ही यंत्रं त्यांनी सिंगापूरहून आणली होती. सिनेमाच्या गाण्यांच्या वाद्यधुनांच्या तबकड्याही त्यांनी काढल्या. २००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला ही मुद्रिका दिल्लीत सापडली. पुढे त्यांनी सिंग यांना मुंबईत गाठलं आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवरून ती पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेले सिंग त्यानंतर युरोपातल्या मंचांवर हे राग वाजवायला गेले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कलावतीपासून सुरुवात करावी. पाचच स्वर, त्यामुळे कान लवकर जुळतो. मग तीच चीज पुन्हा लावून फक्त ३०३ ची रेषा धरावी, वरचं काही ऐकूच नये. ललित मात्र राखून ठेवावा. त्यात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात. कीबोर्डवर त्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या आहेत, आणि गायक ज्या फटीत घोटाळतो ती फट त्यांच्यामध्ये नाहीच. सिंग यांची बोटं तिथे काय करतात, ते आवाज मोठा करून ऐकावं.