उद्याचं काम (भाग ६) : काम सीमेपार, कामगार घरी

गेल्या भागात आपण १९७३पाशी थांबलो होतो. तेलटंचाईच्या त्या वर्षी अमेरिकेतले जॅक नाइल्स सांगत होते की माणसाला कचेरीत आणण्याऐवजी काम तारेवरून त्याच्याकडे पाठवावं. पुढे हे भविष्य रंगवायचा मक्ता कंपन्यांनी घेतला. १९९३मध्ये एटी अँड टीच्या जाहिरातीत समुद्रकिनाऱ्यावरून फॅक्स पाठवणारा माणूस दिसला. (फॅक्स गेला, किनाऱ्यावरही पाठ न सोडणारं काम तेवढं राहिलं.)

स्पेक्युलेटिव्ह डिझाइनचा झगडा या चकचकीत चित्रांशी आहे. तेव्हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवत असलेल्या अँथनी डन आणि फिओना रेबी यांनी २०१३च्या ‘स्पेक्युलेटिव्ह एव्हरीथिंग’ या पुस्तकात त्याची मांडणी केली. भविष्यातली एखादी वस्तू, जाहिरात किंवा फिल्म खरी वाटेल अशी बनवायची. विकायला नव्हे, तर ‘हे आपल्याला हवं आहे का?’ यावर लोकांनी भांडावं म्हणून. हे भाकीत नाही.

या पद्धतीचा मला सगळ्यात भेदक वाटणारा नमुना मात्र एका चित्रपटकाराचा आहे. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोचे लाखो शेतमजूर ‘ब्रासेरो’ करारावर अमेरिकेत राबले. अमेरिकेला त्यांचे हात हवे होते, शेजार नको होता. अ‍ॅलेक्स रिव्हेराने १९९७मध्ये यावर एक खोटी प्रचारफिल्म केली. तिच्यात मजूर मेक्सिकोतच बसून इंटरनेटवरून अमेरिकेतल्या बागेतली संत्री यंत्राकडून तोडून घेतात. त्याच कल्पनेचा त्याने २००८मध्ये ‘स्लीप डीलर’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. सीमा बंद, तिहुआनाच्या कारखान्यात शरीराला तारा जोडलेले तरुण, आणि त्यांच्या हालचालींवर अमेरिकेत बांधकाम करणारे यंत्रमानव.

आज टोकियोतल्या काही दुकानांत फळीवर शीतपेयं मांडणाऱ्या यंत्रमानवाच्या हातून बाटली घसरली, की मनिलात हेडसेट लावून बसलेला तरुण ताबा घेतो. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत रात्रपाळीने अमेरिकेचा दिवस जगलेल्यांना यात नवं फारसं वाटणार नाही. पूर्वी सीमेपार आवाज जायचा, आता हातही जातात.

टोकियोतच, निहोनबाशी भागात, २०२१पासून एक कॅफे आहे. तिथले यंत्रमानव गंभीर अपंगत्वामुळे घराबाहेर पडू न शकणारे लोक घरून चालवतात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. तंत्र जवळपास तेच. पण इथे अडलेल्या माणसाला दार उघडलं, तिथे स्वस्त मजुराला दाराबाहेर ठेवलं. दूरस्थ कामाच्या कुठल्याही सुंदर चित्रात मी आधी हाच फरक शोधतो.

पुढच्या आठवड्यापर्यंत तुम्हीही एक करून पाहा. घरून यंत्रमानव चालवणाऱ्या २०४५मधल्या कामगाराची पगाराची स्लिप कागदावर मांडा. हेडसेटचं भाडं कोणाच्या माथी? रात्रपाळीचा भत्ता कोणत्या देशाच्या घड्याळाने? प्रॉव्हिडंट फंड भरणारा मालक कोण? ज्या रकान्यात अडाल तो आम्हाला जरूर कळवा. पुढचा भाग तिथूनच सुरू करू.