सुई स्वतःच्या हाती

परतूरसारख्या तालुक्याच्या गावी भाकरी, वरण आणि पालेभाजी यांवर निर्वाह करणाऱ्या शाकाहारी माणसाच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळली, तर त्यात नवल नाही. कारण हे द्रव्य कोणतीही वनस्पती निर्माण करीत नाही, ते केवळ सूक्ष्मजंतूच घडवितात, आणि आपणांस ते मुख्यतः दूध, अंडी, मांस यांच्या द्वारे लाभते. १९४८ साली ते शुद्ध स्वरूपात हाती आले आणि त्याची गुंतागुंतीची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन १९६४ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या.

ज्यांच्या जठरात या जीवनसत्त्वाच्या शोषणास आवश्यक असे प्रथिन स्रवत नाही, त्यांना मामुली मात्रेच्या गोळीचा गुण येत नाही; अशा रुग्णास दवाखान्याच्या खेपा वाचाव्यात म्हणून डॉक्टर कधी कधी स्वतः सुई टोचण्याची तालीम देतात.

सुई टोचण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, कुपीवरील नाव आणि मुदत वाचावी. आतील द्रव तांबडा दिसतो तो जीवनसत्त्वाच्या कोबाल्टयुक्त रेणूमुळे. नितंबातून जाणारी मोठी तंत्रिका दुखावण्याची भीती असल्याने स्वतः टोचणाऱ्याने मांडीच्या बाहेरील बाजूचा मधला भाग निवडावा, स्पिरिट वाळू द्यावे आणि सुई काटकोनात घालावी. वापरलेली सुई टोपण न लावता जाड डब्यात टाकावी. पुरळ उठले वा श्वास कोंडला, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. मात्र ब-१२ च्या उणिवेत जाणवणारा थकवा इतर अनेक कारणांनीही येतो, सबब रक्ततपासणी व डॉक्टरांची चिठ्ठी यांवाचून या इलाजाच्या वाटेस जाऊ नये.