कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहोत? : एका युद्धकथेतील दृष्टिकोन आणि पूर्वसूचन

कथा वाचताना 'पुढे काय झाले' हा प्रश्न वाचकाला ओढून नेतो आणि ते स्वाभाविकही आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय जडलेली असते : हे सांगतो कोण, आणि कोठे उभे राहून? एखादा ताम्रपट, एखादी बखर किंवा सरकारी अहवाल हाती आला की आम्ही मजकुराआधी त्याचा कर्ता शोधतो. हीच सवय कथावाचनाला लावली तर काय हाती लागते, ते दाखविण्यासाठी या लेखात आम्ही एक गाजलेली अमेरिकन युद्धकथा घेतली आहे. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती कधी ना कधी भेटतेच. 'दृष्टिकोन' आणि 'पूर्वसूचन' या संज्ञांच्या व्याख्या त्याच्या पाठही होतात. परंतु त्या कथेच्या आत प्रत्यक्ष काय काम करतात, हे पाहण्याचे बहुधा राहून जाते.

कथेचे नाव 'ॲन ऑकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज', म्हणजे 'आउल क्रीक पुलावरील एक घटना'. लेखक अँब्रोस बिअर्स. ती १८९० मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर' या वृत्तपत्रात प्रथम प्रसिद्ध झाली. कथेची पार्श्वभूमी १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाची आहे. गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटली आणि त्यातून हे युद्ध पेटले. बिअर्स स्वतः उत्तरेच्या फौजेत, इंडियानाच्या नवव्या पायदळ पलटणीत, १८६१ साली भरती झाला होता. शायलोच्या भीषण लढाईत तो होता आणि १८६४ मध्ये केनेसॉ पर्वतावरील लढाईत त्याच्या डोक्याला गोळी लागली. युद्ध त्याने जवळून पाहिले होते आणि त्याच्या लेखणीत युद्धाविषयी कसलाही भाबडेपणा नाही.

कथेचा आराखडा

कथेचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात उत्तर अलाबामातील एका रेल्वे पुलावर सुमारे पस्तीस वर्षांचा एक मनुष्य उभा आहे. हात पाठीमागे बांधलेले, गळ्यात फास. उत्तरेचे सैनिक त्याला फाशी देण्याच्या तयारीत आहेत. तो एका फळीच्या टोकावर उभा आहे आणि दुसऱ्या टोकावर एक सार्जंट. सार्जंट बाजूला सरला की फळी कलंडणार. कॅप्टन मान हलवतो, सार्जंट बाजूला होतो, आणि भाग संपतो.

दुसरा भाग मागे जातो. हा मनुष्य पेटन फार्कर, एक सधन मळेवाला आणि गुलामांचा मालक आहे. सैन्यात जाणे त्याला जमलेले नाही, पण दक्षिणेसाठी काहीतरी पराक्रम करण्याची हौस आहे. एका संध्याकाळी करड्या गणवेशातील एक स्वार त्याच्या फाटकाशी येऊन पाणी मागतो आणि बोलता बोलता सांगतो की, आउल क्रीक पुलावर पहारा अगदी तुटपुंजा आहे आणि पुराने वाहून आलेली लाकडे तेथे वाळून पडली आहेत. रात्री तोच स्वार उत्तरेकडे परततो. करडा गणवेश दक्षिणेचा. परंतु आतला मनुष्य उत्तरेचा हेर होता.

तिसऱ्या भागात दोर तुटतो. फार्कर पाण्यात पडतो, हात सोडवतो, गोळ्या चुकवीत काठाला लागतो, दिवसभर रान तुडवून घराच्या फाटकाशी पोहोचतो. पायऱ्यांशी पत्नी उभी आहे. तो तिला कवेत घेणार इतक्यात मानेवर जबर आघात होतो, आणि शेवटच्या वाक्यात कळते की फार्कर मेला आहे. मान मोडलेले त्याचे प्रेत पुलाखाली झुलते आहे. दोर तुटलाच नव्हता. पलायनाचा सारा प्रवास पुलावरून पडण्याच्या आणि प्राण जाण्याच्या मधल्या काही क्षणांत त्याच्या मनात घडला होता.

दृष्टिकोन : आपण कोठे उभे आहोत?

कथेतील घटना ज्या जागेवरून व ज्या जाणिवेतून वाचकाला दिसतात, तिला दृष्टिकोन म्हणतात. ही कथा अथपासून इतिपर्यंत तृतीयपुरुषी निवेदनात आहे. तरीही तिच्यातील दृष्टिकोन स्थिर नाही, आणि बिअर्सचे खरे कसब तेथेच आहे.

आरंभी निवेदक एखाद्या बातमीदारासारखा दूर उभा आहे. फळ्या कशा टाकल्या आहेत, पहारेकऱ्यांनी बंदुका कशा धरल्या आहेत, पलीकडच्या काठावर तोफ कोठे आहे, एवढेच तो नोंदवतो. मग हळूहळू तो दोषी मनुष्याच्या जवळ सरकतो. त्याचा चेहरा भला, डोळे मोठे, गडद करडे व प्रेमळ आहेत असे सांगतो. त्यानंतर आपण त्या डोळ्यांच्या आत जातो. पाण्यावरून वाहणारे लाकूड त्याला फार संथ जाताना दिसते. ऐरणीवर घण पडावा तसा आवाज त्याला असह्य होतो; तो त्याच्याच घड्याळाच्या टिकटिकीचा असतो, आणि दोन ठोक्यांमधील अंतर वाढत गेल्याचे त्याला जाणवते.

दुसऱ्या भागात निवेदक पुन्हा दूर जातो आणि सर्वसाक्षी होतो. स्वार हेर होता, ही गोष्ट फार्करला ठाऊक नाही; निवेदक ती आपल्याला सांगतो. त्यामुळे 'हा निवेदक आपल्यापासून काही लपवीत नाही' असा विश्वास वाचकाच्या मनात बसतो. आणि हा विश्वास बसल्यावर तिसऱ्या भागात निवेदक आपल्याला फार्करच्या जाणिवेत नेऊन सोडतो. आता जे जे सांगितले जाते ते फार्करला वाटते आहे; ते घडते आहे असे समजतो ते आपण.

पूर्वसूचन : समोर ठेवलेले पुरावे

पुढे येणाऱ्या घटनेची चाहूल आधीच पेरून ठेवणे म्हणजे पूर्वसूचन. चांगल्या पूर्वसूचनाची कसोटी अशी की, पहिल्या वाचनात ते सहज नजरेआड व्हावे आणि दुसऱ्या वाचनात 'हे तर समोरच होते' असे वाटावे. या कथेतील खुणा एकामागून एक मांडून पाहू.

पहिली खूण घड्याळाची. मरणाच्या उंबरठ्यावर या माणसाचा काळ ताणला जातो आहे, हे पहिल्याच भागात कळते. तिसऱ्या भागात काही क्षणांचा एक अख्खा दिवस होतो, त्याची बीजे येथे आहेत. दुसरी खूण त्याच्या विचाराची. हात सुटले तर पाण्यात उडी घेता येईल, बुडी मारून गोळ्या चुकवता येतील, रानातून घर गाठता येईल, असे तो फळीवर उभा असतानाच मनाशी म्हणतो. तिसरा भाग म्हणजे या विचाराचाच क्रमवार विस्तार आहे. तिसरी खूण अगदी उघड आहे : तिसऱ्या भागाच्या पहिल्याच वाक्यात निवेदक सांगतो की, खाली पडताना त्याची शुद्ध गेली आणि तो जणू मेलेलाच होता. आपण तो अलंकार समजून पुढे जातो.

मग अशक्य गोष्टी सुरू होतात. पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाला काठावरच्या पानांच्या शिरा, त्यांवरचे किडे आणि गवताच्या पात्यांवरचे दंव दिसते. पुलावरून नेम धरणाऱ्या सैनिकाचा डोळा करडा आहे, हेही त्याला खालून दिसते. करडे डोळे तर फार्करचेच आहेत, हे पहिल्या भागात सांगून झालेले आहे. पुढे ओळखीच्या मुलखातले रान संपता संपत नाही. रस्ता शहरातल्यासारखा रुंद व सरळ आहे, पण त्यावर कोणी माणूस नाही, घर नाही, कुत्र्याचे भुंकणेही नाही. आकाशातले तारे अनोळखी आहेत. आणि शरीर? मान सुजली आहे, डोळे मिटता येत नाहीत, जीभ दातांबाहेर आली आहे, पायांखाली जमीन जाणवत नाही. ही सारी फासावर लटकलेल्या माणसाची लक्षणे आहेत. शेवटी, घराच्या फाटकाशी येताच क्रियापदांचा भूतकाळ एकाएकी वर्तमानकाळ होतो. स्वप्न इतके जवळ आले आहे की निवेदनाचे व्याकरणही बदलते.

इतके पुरावे समोर असूनही बहुतेक वाचक शेवटच्या वाक्याशी दचकतात. लेखकाने फसवले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याने काहीच दडवलेले नाही. फार्करच्या डोळ्यांनी पाहू लागल्यावर फार्करची इच्छा आपली इच्छा झाली. तो सुटावा असे आपल्याला वाटू लागले आणि त्या इच्छेच्या आड येणारा प्रत्येक पुरावा आपण बाजूला सारला. म्हणून या कथेत दृष्टिकोन आणि पूर्वसूचन हे दोन वेगळे धडे नाहीत. पूर्वसूचन दिसत नाही ते दृष्टिकोनामुळे.

जे डोळे कथेत नाहीत

येथे इतिहासाचा विद्यार्थी एक पाऊल पुढे टाकतो. फार्कर गुलामांचा मालक आहे, हे निवेदक पहिल्या भागात स्पष्ट करीत नाही. तेथे फक्त भला चेहरा, प्रेमळ डोळे आणि बायकामुलांची आठवण आहे. आपली सहानुभूती जडली, की मग दुसऱ्या भागात ती गोष्ट एका वाक्यात येऊन जाते. माहितीचा हा क्रम बदलून पाहावा. पहिले वाक्य 'एका गुलाममालकाला फाशी दिली जात होती' असे असते, तर आपण दोर तुटण्याची वाट इतक्या आतुरतेने पाहिली असती काय?

युद्धापूर्वी, १८६० च्या जनगणनेनुसार, अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. अलाबामाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते. फार्करच्या मळ्यावरही अशी माणसे असणारच. कथेत त्यांना नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. त्यांची सावली एकाच जागी पडते. स्वाराने पाणी मागितले तेव्हा फार्करची पत्नी ते आपल्या स्वतःच्या गोऱ्या हातांनी आणून देण्यास आनंदाने तयार झाली, असे निवेदक सांगतो. 'स्वतःच्या' हा शब्द तेथे का आला? कारण एरवी त्या घरात पाणी दुसऱ्या हातांनी येत होते. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे, त्या वाचकाने या घोटभर पाण्यापाशी क्षणभर थांबावे.

बिअर्सला हे दिसत नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. फार्करच्या शौर्याच्या कल्पनांविषयी आणि त्याच्या सैन्यात न जाण्याच्या 'कारणांविषयी' लिहिताना त्याच्या भाषेत बोचरा उपरोध आहे. परंतु तो उपरोधही तिसऱ्या भागात शिरताच आपण विसरतो.

हेच युद्ध दुसऱ्या बाजूने पाहणारा एक डोळा पुण्यात होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. हजारो कोस दूर असूनही जोतीरावांनी त्या संघर्षाकडे मळेवाल्याच्या ओसरीवरून पाहिले नाही. मुक्त झालेल्या माणसाच्या जागेवरून पाहिले. पुढे बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना आपल्या लेखनात केली आणि १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहिले, त्यांनी परस्परांशी बोलावे, ही गरज त्या पत्रामागे होती.

याचा अर्थ फार्करच्या मरणाचे दुःख होऊ नये, असा नाही. मरणारा कोणीही असो, त्याची भीती खरी असते, आणि धम्माची करुणा माणसे निवडून दिली जात नाही. मात्र कथा ज्याचा चेहरा दाखवते तेवढ्यावरच थांबणारी करुणा अपुरी आहे. चौकटीबाहेर राहिलेल्यांपर्यंत ती नेणे हे वाचकाचे काम आहे. कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले की, केवळ परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आदरणीय आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. सांगणाऱ्याच्या कौशल्याने आपण भारावून गेलो असू, तेव्हा तर ही पारख अधिकच आवश्यक ठरते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज शिक्षक आहेत, पालक आहेत. त्यांना आमची सूचना अशी की, ही कथा मुलांकडून दोनदा वाचून घ्यावी. पहिल्या वेळी काहीही न सांगता. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल देऊन, पूर्वसूचनेच्या प्रत्येक जागी खूण करायला लावून. त्यानंतर एक कोरा कागद द्यावा आणि त्यावर ती संध्याकाळ पुन्हा लिहायला सांगावी : करड्या गणवेशातला स्वार फाटकाशी आला आहे, मालकीण पाणी आणायला स्वतः उठली आहे, आणि रोज पाणी भरणारी बाई विहिरीपाशी उभी राहून हे सारे पाहते आहे. तिला काय दिसले असेल, काय ऐकू आले असेल, आणि उत्तरेची फौज पुलापर्यंत आली आहे हे कानी पडताच तिच्या मनात काय आले असेल, ते मुलांनी लिहावे.