हृदयातील गाठ : आधी ओळख, मग उपचार

'टू-डी इको'च्या रिपोर्टवर 'हृदयाच्या कप्प्यात गाठ' असे लिहून आले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : कॅन्सर आहे का? याचे उत्तर लगेच देता येत नाही. हृदयात दिसणारी गाठ ही कधी रक्ताची नुसती गुठळी असते, कधी दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग, तर कधी हृदयातच उगवलेली गाठ. तिन्हींचे उपचार अगदी वेगळे.

हृदयातच सुरू होणाऱ्या गाठी फार दुर्मीळ. दहा हजार शवविच्छेदनांत त्या साधारण दोन आढळतात. त्यांतल्या चारांपैकी तीन तरी कर्करोगाच्या नसतात. फुफ्फुस, स्तन किंवा रक्ताचा कर्करोग हृदयापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण मात्र याच्या कित्येक पट आहे.

मोठ्या माणसांत नेहमी भेटणारी गाठ म्हणजे मिक्सोमा. ही बहुधा वरच्या डाव्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने चिकटलेली असते. तिशी ते साठीच्या वयात, त्यातही स्त्रियांमध्ये ती जास्त दिसते. ठोक्यागणिक ती झुलते आणि झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडवते. मग दम लागतो, चक्कर येते. आपल्याकडे संधिवाती तापामुळे झडप अरुंद झालेले रुग्ण पुष्कळ असल्याने अशा बाईला 'झडपेचा आजार' म्हणणे सोपे असते. स्टेथोस्कोपमधून आवाजही तसाच येतो. कुशी बदलली की दम कमी-जास्त होणे ही मिक्सोमाची एक खूण. काहींना बारीक ताप येतो, वजन घटते, रक्तातला ईएसआर वाढतो आणि शोध क्षयाच्या दिशेने जातो. अशा वेळी साधी इको तपासणी दिशा दाखवते.

'कर्करोगाची नाही' म्हणजे 'निरुपद्रवी' असे मात्र नव्हे. मिक्सोमाचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर तरुण वयात पक्षाघात होतो. म्हणून निदान झाल्यावर शस्त्रक्रिया रेंगाळू देत नाहीत. स्वीडनमध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी 1954 मध्ये हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने मिक्सोमा यशस्वीपणे काढला. तोपर्यंत जवळजवळ असाध्य असलेला हा आजार आज एका शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.

गाठ की गुठळी, हे ठरवताना जागा महत्त्वाची. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या स्नायूजवळ किंवा ठोके अनियमित असताना वरच्या डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात बहुधा गुठळी सापडते. एमआरआय करताना शिरेतून दिलेले औषध गुठळीत सहसा शिरत नाही, कारण तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. गाठीत ते शिरते. गुठळीला रक्त पातळ करणारी औषधे पुरतात, मिक्सोमाला नाही.

डाव्या बाजूच्या मिक्सोमाचा तुकडा आधी तपासायला घेत नाहीत. तो सुटण्याची भीती असते. अख्खी गाठ काढूनच ती पॅथॉलॉजिस्टकडे जाते. उजव्या कप्प्यात रुंद बुडाची, झपाट्याने वाढणारी, हृदयाभोवती रक्तमिश्रित पाणी जमवणारी गाठ असेल तर अँजिओसार्कोमा या आक्रमक कर्करोगाची शंका येते. तशीच दिसणारी गाठ लिम्फोमाचीही असू शकते. लिम्फोमाला केमोथेरपी लागू पडते, शस्त्रक्रियेची सहसा गरज नसते. इथे बायोप्सी टाळून चालत नाही.

या गाठींचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात केलेले असते. त्याची अलीकडची आवृत्ती 2021 ची. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली ओळख न पटलेल्या अनेक सार्कोमांवर 'अवर्गीकृत' असा शिक्का बसे. आता एमडीएम-2 या जनुकाच्या वाढीव प्रती तपासून त्यांतल्या काहींना 'इंटायमल सार्कोमा' हे नेमके नाव देता येते.

मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यात आढळणारी रॅब्डोमायोमा ही गाठ पुष्कळदा वाढत्या वयाबरोबर आपोआप लहान होते. रक्तप्रवाह अडत नसेल आणि ठोके बिघडत नसतील, तर नुसते लक्ष ठेवणे हाच उपचार. त्वचेवर पांढरे चट्टे किंवा फिट्स असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराचा शोध घ्यावा लागतो.

वाचकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कमी वयात पक्षाघात झाला, तर मेंदूच्या तपासणीबरोबर इकोही करून घ्यावी. हातापायाच्या रोहिणीत अडकलेली गुठळी शस्त्रक्रियेने काढली असेल, तर ती पॅथॉलॉजीला पाठवली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. तीत मिक्सोमाचा तुकडा असू शकतो. आणि मिक्सोमा काढून झाल्यावरही सांगितलेल्या वेळी इको चुकवू नये. काहींना तो पुन्हा होतो. रुग्ण तरुण असेल, गाठी एकाहून अधिक असतील किंवा घरात आणखी कुणाला हा आजार असेल, तर जवळच्या नातेवाइकांनीही एकदा तपासून घेतलेले बरे.