कानशिलावरची शीर

मराठवाड्यातल्या ढोकीकडे म्हातारे माणूस एका अंगाने लुळे पडले की ‘वारं गेलं’ म्हणतात. तेवढे म्हटले की चौकशी संपते. वारे कोणत्या धमनीतून गेले, ते आधी कानशिलावर दुखून गेले होते का, हे कोणी विचारत नाही. जायंट सेल आर्टरायटिस या धमन्यांना सूज आणणाऱ्या आजाराचा सव्वाशे वर्षांचा मागोवा घेताना हाच न विचारलेला प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो.

१८९० मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एका वृद्धाची नोंद केली. डोक्यावर दुखऱ्या लाल रेषा उमटल्या होत्या, त्यामुळे त्याला हॅट घालवत नव्हती. ढोकीत त्याला पटका बांधवला नसता, इतकाच फरक. आणि नोंद झाली नसती. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी कानशिलावरच्या धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. धमनीची भिंत सुजलेली होती. अनेकदा त्या सुजेत महाकाय पेशी आढळतात. आजाराचे नाव त्यांच्यावरूनच पडले.

मग १९४८ चा सप्टेंबर. १७ तारखेला निजामाची राजवट संपली, मराठवाडा मोकळा झाला. २१ तारखेला त्याच मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिझोन या स्टेरॉइडचे पहिले इंजेक्शन मिळाले. थोड्याच काळात ते औषध या धमनीदाहावरही वापरले जाऊ लागले. हेंच यांना १९५० चे नोबेल मिळाले.

मग वारे जाण्याचे, म्हणजे मेंदूचे काय? कवटीत शिरल्यावर धमन्यांच्या भिंतीतला लवचीक थर विरळ होतो आणि या दाहाला तोच थर लागतो. म्हणून खुद्द मेंदूतल्या धमन्या बहुधा सुटतात. सापडते ती मानेच्या मणक्यांतून वर चढणारी धमन्यांची जोडी. ती अरुंद झाली की मेंदूच्या मागच्या भागाचे रक्त तुटते: चक्कर येते, तोल जातो, एकाचे दोन दिसतात. असा झटका क्वचितच येतो. डोळ्याच्या नसेचे रक्त तुटणे त्याहून जास्त वेळा घडते, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. घरचे मात्र चष्म्याचा नंबर वाढला असे समजतात.

भारतात हा आजार कमी दिसतो; आपल्याकडे टाकायासूचा धमनीदाह अधिक, तोही तरुण बायकांत. पण जे शोधलेच जात नाही तेही कमीच दिसते, असे मला वाटते.

१९९७ पासून सोनोग्राफीत सुजलेल्या धमनीभोवतीचे काळे कडे ओळखता येते. २०१७ मध्ये या आजारासाठी टोसिलिझुमॅब हे औषध आले. ते महाग आहे. पण सुरुवातीचा मुख्य उपचार अजून स्टेरॉइडच, आणि त्यातलीच प्रेडनिसोलोनची गोळी काही रुपयांची. औषध ढोकीपासून लांब नाही. लांब आहे तो संशय.

तेव्हा घरात पन्नाशी ओलांडलेल्या कोणाचे कानशील नव्यानेच ठणकत असेल, कंगवा लागला तरी दुखत असेल, भाकरी चावताना जबडा भरून येत असेल किंवा क्षणभर डोळ्यापुढे अंधार येत असेल, तर बाम चोळत बसू नका आणि मनाने गोळ्याही देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करायच्या का ते विचारा, आणि कानशिलावरच्या शिरेला हात लावून बघा म्हणावे.