माळढोक, माळरान आणि पर्यावरणीय नीतिविचार

प्रस्तावना

मानवाने मानवाशी कसे वागावे, हा नीतिशास्त्राचा परंपरागत विषय होय. मानवेतर सृष्टीशी असलेले मानवाचे वर्तनही नैतिक मूल्यमापनाच्या कक्षेत येते, हा विचार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र ज्ञानशाखेच्या रूपाने पुढे आला. या विचारातील प्रमुख भूमिका पाठ्यपुस्तकांत सुस्पष्ट दिसतात. प्रत्यक्ष प्रसंगी त्या परस्परांशी कशा भिडतात, हे तेथे क्वचितच उलगडते. प्रस्तुत लेखात माळढोक या पक्ष्याच्या उदाहरणाच्या आधारे या भूमिकांचा विचार करावयाचा आहे.

तीन भूमिका

मानवकेंद्री भूमिकेनुसार निसर्गाला केवळ साधनमूल्य असते. जंगल, नदी, पशुपक्षी यांचे रक्षण करावयाचे ते मानवाच्या वर्तमान व भावी हितासाठी. जीवकेंद्री भूमिका प्रत्येक सजीवाला अंगभूत मूल्य असल्याचे मानते. पॉल टेलर यांनी १९८६ मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली. परिसंस्थाकेंद्री भूमिका याहून व्यापक आहे. आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील भूमिनीतीचा विचार माती, पाणी, वनस्पती व प्राणी यांच्या समग्र समुदायाला नैतिक विचाराचा विषय मानतो. आर्ने नेस यांनी १९७३ मध्ये मांडलेली सखोल परिस्थितिकीची संकल्पना याच दिशेने जाणारी आहे.

‘पडीक’ या शब्दामागील मूल्यनिर्णय

माळढोक हा शुष्क गवताळ प्रदेशातील पक्षी होय. उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे त्याच्या संख्येची वाढ अत्यंत मंद असते. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त वर्गात केला. आज निसर्गात उरलेल्या पक्ष्यांची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानली जाते व त्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत.

या ऱ्हासाची कारणे शिकारीपुरती मर्यादित नाहीत. माळरानाकडे पाहण्याची आपली दृष्टी हे एक मूलभूत कारण आहे. महसुली नोंदींत जमिनीचे मोल पिकावरून ठरते. जे पिकत नाही ते ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’. वस्तुतः माळरान ही कुसळी-पवन्यासारखी गवते, कीटक, सरडे, काळवीट, लांडगा आणि मेंढपाळ यांना सामावून घेणारी परिपूर्ण परिसंस्था होय. तिला पडीक म्हणणे हे वर्णन नसून मूल्यनिर्णय आहे. त्याचे परिणामही दुहेरी झाले. माळ नांगरला गेला, कारखान्यांना दिला गेला. आणि जेथे तो उरला तेथे कित्येकदा वनीकरणाच्या नावाखाली झाडे लावून त्याचे मूळ स्वरूप बदलण्यात आले. सद्हेतूने लावलेले झाडही चुकीच्या जागी अपाय करू शकते. हिरवेपणा म्हणजेच निसर्ग, हे समीकरण म्हणूनच तपासून पाहावयास हवे.

भार कोणी वाहावयाचा?

१९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शहरे, खाजगी शेतजमिनी असे सर्वच आले. जमिनीच्या व्यवहारांवर आलेल्या बंधनांमुळे शेतकऱ्यांत असंतोष निर्माण झाला व पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटविण्यात आले. नान्नजच्या माळावर आज माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये सखोल परिस्थितिकीवर घेतलेला आक्षेप येथे स्मरणीय ठरतो. दाट लोकवस्तीच्या देशांत निर्मनुष्य अरण्याचा आदर्श राबविला तर संरक्षणाची किंमत गरिबांना मोजावी लागते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. पक्ष्याच्या अंगभूत मूल्याची दखल घेताना ती किंमत कोणी दिली, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न बाजूला सारता येत नाही. ज्या शेतकऱ्याला पक्षी म्हणजे केवळ निर्बंध वाटतो, त्याच्याकडून पक्ष्याविषयी आस्थेची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

पक्षी आणि सौरऊर्जा

राजस्थान व गुजरातमध्ये हा पेच अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला समोरील तारा वेळीच दिसत नाहीत आणि जड शरीरामुळे चटकन दिशाही बदलता येत नाही. त्यामुळे वीजवाहक तारांवर आदळून पक्षी मरतात. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पक्ष्याच्या अधिवासातील तारा शक्य तेथे भूमिगत करण्याचे निर्देश दिले. तथापि २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्राला लागू असलेले निर्देश बदलले व हा विषय तज्ज्ञ समितीकडे सोपविला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मधून निष्पन्न होतो, असेही त्याच निर्णयात मान्य करण्यात आले.

येथे संघर्ष लोभ आणि निसर्ग यांच्यात नाही. दोन पर्यावरणीय कर्तव्यांत आहे. सौरऊर्जा नाकारली तर तापमानवाढीची झळ माळरानालाही बसणार. तारा निर्वेधपणे उभारल्या तर एक प्रजाती कायमची लुप्त होण्याचा धोका. अशा वेळी तीन निकष उपयुक्त ठरतात. पहिला, अपरिवर्तनीयतेचा: प्रकल्पाची जागा वा तारांचा मार्ग बदलता येतो, नष्ट झालेली प्रजाती परत आणता येत नाही. दुसरा, पर्यायांचा: ऊर्जा अनेक ठिकाणी निर्माण करता येते, माळढोकाला मात्र दुसरे घर नाही. तिसरा, भारवाटपाचा: संरक्षणाचा वाढीव खर्च वीज वापरणाऱ्या सर्वांनी उचलावा, केवळ स्थानिकांनी नव्हे.

प्रजनन केंद्राची मर्यादा

जैसलमेर परिसरात २०१९ पासून निसर्गातील अंडी गोळा करून कृत्रिमरीत्या पिले वाढविली जात आहेत. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिलू जन्मले. एखाद्या मादीचे अंडे उचलणे जीवकेंद्री भूमिकेला खटकते. परिसंस्थाकेंद्री भूमिका प्रजातीच्या हितासाठी ते स्वीकारते. परंतु तिचीच दुसरी अट अधिक कठोर आहे. माळ उरला नाही तर पिंजऱ्यात टिकलेला पक्षी हा प्रजातीचा केवळ अवशेष होय. प्रजनन केंद्र हे अधिवासरक्षणाला पूरक ठरू शकते, पर्याय ठरू शकत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, कोणतीही एक भूमिका स्वतःपुरती पुरेशी नाही. मानवकेंद्री विचार न्याय्य भारवाटपाचे भान देतो, जीवकेंद्री विचार एकेका जीवाविषयी संवेदना जागवतो आणि परिसंस्थाकेंद्री विचार माळ समग्रतेने पाहावयास शिकवतो. या तिहींचा मेळ कायद्याच्या कलमांतून आपोआप साधणार नाही. त्यासाठी आधी भाषा बदलावी लागेल. जी भूमी आपण पडीक ठरविली, ती कोणाच्या दृष्टीने पडीक आहे, हे विचारावे लागेल. भूगोल, अर्थशास्त्र, विधी आणि तत्त्वज्ञान या विषयांच्या अध्यापकांनी हा प्रश्न आपापल्या वर्गात उपस्थित करणे, हे पर्यावरण-शिक्षणाच्या दृष्टीने पहिले पाऊल ठरेल.